वाचून दाखवणाऱ्याची सही

सहा कागद झाले होते. सातव्यापाशी प्रभुदास गुरुजी अडले.

मिशन हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्यांचं एक टेबल आणि समोर एक बाक ठरलेलं होतं. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, पण या टेबलाशी त्यांचं नातं त्याहून जुनं. नोकरीत होते तेव्हाही शाळा सुटली की सायकल काढून ते इथे येत. ऑपरेशनआधी रोग्याच्या संमतीचा कागद वाचून दाखवायचा, समजावून द्यायचा आणि मग सही किंवा अंगठा घ्यायचा, हे त्यांचं काम. पगार नव्हता. चार वाजता स्टीलच्या पेल्यात चहा मिळे, तेवढंच.

नियम जुन्या डॉक्टरबाईंचा. बाई सातासमुद्रापलीकडून आल्या आणि इथल्याच मातीत गेल्या. त्यांनी सांगून ठेवलं होतं की नुसता अंगठा चालायचा नाही. ज्याचं ऑपरेशन त्याने, आणि रोगी लहान असेल तर त्याच्या आईबापाने, उद्या काय करणार आहेत ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. सांगता आलं तरच कागदाची शेवटची ओळ भरायची: वाचून दाखवणाऱ्याची सही. ती नसेल तर थिएटरच्या यादीवर नाव चढत नसे. गुरुजींना हा नियम मनापासून पटला होता, कारण वर्गातही त्यांची रीत तीच होती. धडा संपला की ते पोरांना म्हणायचे, "आता तू मास्तर हो आणि मला शिकव."

त्या जानेवारीत, पंचाण्णव साली, पुण्याच्या एका सर्जनचं दोन दिवसांचं फुकट शिबिर होतं. दुभंगलेले ओठ, भाजून आखडलेले हात, हर्निया, असे रोगी तालुक्यातून गोळा झाले होते. दुसऱ्या दिवसाची यादी संध्याकाळी पाचला लागायची होती. आता साडेतीन झाले होते.

सातवा कागद होता दीपा कचरू हिचा. वय दहा, राहणार देवळाली प्रवरा.

बाकावर तिचा बाप कचरू बसला होता, अगदी कडेला, उठायच्या बेतात असल्यासारखा. साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होता. ऐन हंगामात दोन दिवसांची रजा काढताना त्याला सुपरवायझरच्या विनवण्या कराव्या लागल्या होत्या. शेजारी त्याची बायको भागिरथी. दीपा व्हरांड्याच्या पायरीवर एकटीच सागरगोटे खेळत होती. प्रत्येक झेलीला सतराचा पाढा म्हणत होती आणि सतरा सातापाशी दर वेळी अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

"जय भीम, गुर्जी," कचरू म्हणाला. "लवकर आटपा. मला सही येती, हिचा अंगठा घ्या."

गुरुजींनी छापील मराठी मजकूर वाचून दाखवला. मग ऑपरेशनचं नाव लिहायची मोकळी जागा आली. तिथे सर्जनच्या तिरप्या इंग्रजी अक्षरांत दोन ओळी होत्या. दुसऱ्या ओळीतला एक लांबलचक शब्द गुरुजींनी पाहिला आणि चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने काचा पुसल्या, पुन्हा लावला. शब्द तोच होता. गोनाडेक्टमी.

गेल्या नाताळापासून हा शब्द त्यांना पाठ होता.

"डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय?" त्यांनी विचारलं.

कचरूने पायरीकडे नजर टाकली. "हर्निया," तो मोठ्याने म्हणाला. मग, "दीपे, जा गं, नळावरनं बाटली भरून आन."

"भरल्येली हाय, आण्णा."

"वतून दे आन ताजी आन."

दीपाने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि बाटली घेऊन गेली. जाताना दोनदा मागे वळून बघितलं. ती कोपऱ्याआड गेल्यावर कचरूचा आवाज खाली आला.

"कागदात आसंलच समदं. पोरगी जल्मली तवाच सुईन म्हनली, पोरगीच हाय, पर अंग जरा न्यारं हाय. आमी दोघं आन ती सुईन, तिघांलाच ठावं. सुईन बी मेली. हे डॉक्टर म्हनले, जे जास्तीचं हाय ते काडू, चार टाकं घालू, पोरगी नीट व्हईल. आठ दिसांत घरी."

"आणि आतलं?"

"आत काय?"

गुरुजींनी कागदावर बोट ठेवलं. "हिच्या जांघेत, आतल्या बाजूला, दोन गाठी आहेत. आजार नव्हे, जन्मापासूनच्या. साधारण मुलग्यांना असतात तशा. माणूस वयात येताना अंगात जे बदल होतात, ते घडवणारा रस या गाठींत तयार होतो. त्या दोन्ही काढणार, असं इथे लिहिलंय."

भागिरथी इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती थांबली. "काडल्या तर काय हुतं?"

"तर तो रस अंगात परत कधी तयार होणार नाही. जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. आणि काढलेलं परत बसवता येत नाही."

"हे त्यांनी न्हाई सांगितलं," भागिरथी नवऱ्याला म्हणाली.

"न्हाई सांगितलं तर न्हाई सांगितलं. पुन्याचा डॉक्टर हाय. त्याला कळतं त्ये आपल्याला कळतं का?"

"दीपाला काय सांगितलंय तुम्ही?" गुरुजींनी विचारलं.

"हर्निया. दहा वर्सांच्या पोरीला दुसरं काय सांगनार?"

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं. "कचरू, या कागदावर मला सही करता येणार नाही."

कचरू बाकावरून उठला. "तुमाला पोरं हायत का, गुर्जी?"

"दोन मुलगे. नगरला असतात."

"पोरगी न्हाई."

"नाही."

"मंग तुमाला काय ठावं?" तो वाकून टेबलावर हात टेकून बोलू लागला. राग होता, पण आवाज कापत होता. "जूनमदी ही पाचवीला मोठ्या शाळेत जानार. तितं संडास न्हाई. समद्या पोरी जोडीनं वढ्याला जात्यात. आजवर तिची आई तिला एकटीला पाटाच्या कडंला न्हेती, सकाळी, आंधारात. उद्या कुनी बघितलं, पोरी पोरी बोलल्या, घरोघर झालं, मंग? पोरीला शाळंतून काडू? का गाव सोडू? फुकट शिबिर हाय, आत्ताच हाय. तुमची सही म्हंजी काय बाबासायबांची घटना हाय का?"

"सही म्हणजे एवढंच, की तुम्हाला समजलं याला मी साक्षी आहे."

"समजलं मला. लई समजलं."

तेवढ्यात सिस्टर मरियम आल्या. हॉस्पिटलच्या मेट्रन, गुरुजींच्याच चर्चच्या मंडळीतल्या, पंचवीस वर्षांची ओळख. "सलाम गुरुजी. सहाच कागद आले आत. सातवा?"

"सातवा नाही होत, सिस्टर."

मरियमबाईंनी कागद उचलला, वाचला, आणि परत ठेवला. त्यांना तो शब्द कळायला चष्मा पुसावा लागला नाही. "गुरुजी, इकडे या जरा."

दोघं खांबाआड गेले. "हट्ट करू नका," मरियमबाई हळू म्हणाल्या. "हे सर्जन मोठे आहेत, मानी आहेत. दुखावले तर पुढच्या वर्षी यायचे नाहीत. ओठ फाटलेली अकरा पोरं आजच नाव लावून गेलीत पुढच्या शिबिराला. त्यांनी कुठे जायचं? पुण्याला?"

"आराधनाचं तुम्हाला ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले.



आराधना गुरुजींची विद्यार्थिनी. सोळा वर्षांपूर्वी, ती सहा वर्षांची असताना, तिचा कागद याच टेबलावर आला होता. तेव्हाचे डॉक्टर वेगळे, शब्द हाच. गुरुजींना तो कळला नव्हता म्हणून ते आत जाऊन विचारून आले होते. डॉक्टर म्हणाले होते, "हर्निया म्हणा गुरुजी. लोकांना सोपं पडतं." अवघड ते सोपं करून सांगणं हा तर गुरुजींचा आयुष्यभराचा धंदा. त्यांनी बाहेर येऊन तिच्या बापाला सोपं करून सांगितलं. बापाने परत सांगितलं, हर्निया. गुरुजींनी सही केली आणि पोरीच्या हातावर एक पेपरमिंट ठेवलं.

गेल्या नाताळात आराधना त्यांच्या घरी आली होती. बावीस वर्षांची, पुण्यात टायपिस्ट. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. पाण्याची बादली उचलताना हाड मोडलं होतं, दोन वर्षांत दुसऱ्यांदा. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, तुझ्या ग्रंथी कधी काढल्या, आणि गोळ्या का घेत नाहीस. ती म्हणाली, माझं तर हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. मग इथे येऊन तिने जुनी फाइल काढायला लावली. फायलीतला कागद तिने गुरुजींच्या मांडीवर ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. रडली नाही. फक्त म्हणाली, "गुरुजी, अक्षर तुमचं आहे ना? माझं नाव कुणाला सांगू नका. पण गोष्ट सांगा."

"ठाऊक आहे मला," मरियमबाई म्हणाल्या. "पण ही आराधना नाही."

"नाही. हिचं अजून व्हायचंय."

सर्जन चार वाजून दहा मिनिटांनी बाहेर आले. पन्नाशीचे, गोरे, दिवसभर उभे राहून पाय भरून आलेले दिसत होते. चहाचा पेला हातातच होता. कचरूने धावत जाऊन त्यांना सांगितलं असावं, कारण आल्याआल्या त्यांनी गुरुजींकडे पाहिलं.

"काय अडचण, गुरुजी?"

गुरुजी उभे राहिले. "साहेब, आतल्या ग्रंथी काढणार हे या दोघांना ठाऊक नव्हतं. आणि मुलीला तर काहीच ठाऊक नाही."

"सांगून त्यांना काय कळणार? तुम्ही शिक्षक ना? चौथीच्या पोरांना त्रिकोण शिकवताना सगळी भूमिती सांगता का?"

"नाही सांगत. पण त्रिकोणाला चौकोनही म्हणत नाही."

सर्जन हसले, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. त्यांनी पेला टेबलावर ठेवला. "बरं. मग हे सांगा त्यांना. त्या गाठींत पुढेमागे कॅन्सर होऊ शकतो."

कॅन्सर म्हटल्याबरोबर कचरूने भागिरथीकडे पाहिलं. बघ, असं ते बघणं होतं.

"सांगायलाच हवं," गुरुजी म्हणाले. "पुढेमागे म्हणजे कधी, साहेब?"

"ते कुणी सांगू शकत नाही. झालाच तर बहुधा वयात आल्यावर. सगळ्यांना होतो असंही नाही."

"म्हणजे उद्या नाही. पुढच्या वर्षी नाही."

"शक्यता कमी. पण हे वय चांगलं आहे. पोर विसरून जातं. वयात आल्यावर विचारत बसलात की लाज, रडारड, शंभर प्रश्न. मी तिचे ते हाल वाचवतोय. आणि जे जास्तीचं दिसतं त्याचं काय? त्यात कॅन्सर नाही, मान्य. पण तिचा बाप काय म्हणतो ते ऐकलंत? ओढ्यावर जायचं आहे तिला, ना तुम्हाला, ना मला."

बापाची भीती खोटी नव्हती. सर्जनही वाईट माणूस नव्हता. सकाळी आठपासून तो फुकट उभा होता. गुरुजींच्या मनात क्षणभर आलं, आपण कोण? आपल्या एका जुन्या चुकीचं ओझं या घरावर का टाकायचं? कागद समोर होता, पेन खिशात होतं. टोपण काढायचं, तीन अक्षरं खरडायची आणि घरी जायचं.

"साहेब," ते म्हणाले, "सोळा वर्षांपूर्वी याच टेबलावर मी असाच एक कागद वाचला होता. वाचला म्हणजे, हर्निया म्हणालो. ती मुलगी विसरली नाही. तिला विसरायला काही दिलंच नव्हतं आम्ही, खोटं दिलं होतं. गोळ्या घ्यायच्या असतात हे तिला कुणी सांगितलं नाही, कारण काय काढलं हेच सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांच्या पोरीची हाडं साठीच्या बाईसारखी झालीत. कशाला हो म्हणायचं आणि कशाला नाही, ते मोठी झाल्यावर तिने ठरवलं असतं. कदाचित हो म्हणालीही असती. मी तिला विचारू दिलं नाही."

आत कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"आज गोळ्यांचं सांगून पाठवू," सर्जन म्हणाले. "ती चूक सोळा वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांची. माझी नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं. "सिस्टर, वाचून दाखवणारा हाच माणूस पाहिजे असा नियम आहे का?"

"नाही साहेब," मरियमबाई म्हणाल्या. "स्टाफमधलं कुणीही."

"मग तुम्ही करा सही."

मरियमबाईंनी कागद पुढे ओढला. गुरुजींनी नजर वळवली. या बाईला ते दोष देऊ शकत नव्हते. त्या अकरा पोरांची यादी तिच्या डोक्यात होती. मरियमबाईंनी पेन घेतलं, शेवटच्या ओळीवर टेकवलं, आणि तसंच ठेवून मान वर केली.

"भागिरथीबाई, सही करणाऱ्याने आधी ऐकायचं असतं. उद्या दीपाचं काय करणार आहेत, ते तुमच्या तोंडाने सांगा."

"हर्निया," कचरू म्हणाला.

"तुम्ही नका. आईला सांगू द्या."

भागिरथीने तोंड उघडलं. "हर," ती म्हणाली, आणि पुढचं आलं नाही.

कारण दीपा परत आली होती. भरलेली बाटली दोन्ही हातांत धरून ती खांबाला टेकून उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. फ्रॉकच्या पुढच्या भागावर पाणी सांडलं होतं.

"हर्निया न्हाई," ती म्हणाली. "आमच्या वर्गातल्या छगनच्या आज्याला हर्निया हाय. त्याचं हितं टेंगूळ येतं, खोकला की मोठं हुतं. मला न्हाई तसं. मला काय बी दुखत न्हाई." मग आईकडे वळून म्हणाली, "तू मला येगळं का न्हेतीस ते मला ठावं हाय. शेजारच्या गोदीला मी बघितलंय आंगूळ करताना. ती माझ्यावानी न्हाई."

कचरूने तोंडावर हात ठेवला.

भागिरथी उठली. तिने दीपाच्या हातातली बाटली घेतली, बाकावर ठेवली आणि पोरीला शेजारी बसवलं. नवऱ्याकडे पाहिलं नाही, डॉक्टरकडे पाहिलं नाही. "दीपा, मी सांगते. मदी बोलू नगं," ती म्हणाली. आणि दहा वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तिने पोरीच्या कानाशी वाकून सांगितलं. गुरुजींना सगळं ऐकू आलं नाही, आणि ते ऐकणं त्यांचं कामही नव्हतं. मधूनच एखादा तुकडा येत होता: सुईन, आत दोन गाठी, उद्या ह्ये काडनार, आमी भ्यालो, म्हनून खोटं बोललो.

सर्जन जायला वळले होते. पण का कोण जाणे, थांबले.

"काडल्यावर परत येतं का?" दीपाने विचारलं. आईला ठाऊक नव्हतं. तिने गुरुजींकडे पाहिलं.

"येत नाही," गुरुजी म्हणाले.

"न्हाई काडलं तर मी मरन?"

गुरुजींनी सर्जनकडे पाहिलं. हे उत्तर द्यायचा अधिकार त्यांचा नव्हता.

"नाही," सर्जन म्हणाले. "मोठी झालीस की दर वर्षी तपासावं लागेल. पण नाही."

दीपाला रडू आलं. ती शहाण्यासारखी वगैरे काही बोलली नाही. हमसून हमसून रडली, आईच्या हाताला चिमटे काढले, म्हणाली तू खोटारडी हायस, तुज्याशी कट्टी. म्हणाली, फेब्रुवारीत माजी स्कॉलरशिपची परीक्षा हाय, टाके पडल्यावर मी बसनार कशी, हे तरी तुमी बघितलं का. आणि मग पदरात तोंड खुपसून ती म्हणाली, "मला न्हाई काडायचं. आत्ता न्हाई."

पावणेपाच झाले होते.

"लहान आहे, घाबरलीय," सर्जन कचरूला म्हणाले. "निर्णय तुमचा आहे. कायद्याने बाप तुम्ही आहात."

कचरू पायरीवर जाऊन बसला. तिथे दीपाचे सागरगोटे तसेच पडले होते. तो बराच वेळ ते एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला. गुरुजींना वाटलं, हा आता उठेल, सही करेल. मरियमबाईंचं पेन अजून त्या ओळीजवळच आहे. वर्गात एखादं पोर फळ्यासमोर अडतं तेव्हा उत्तर तोंडावर आलेलं असतानाही गप्प बसायला त्यांना चाळीस वर्षांनी जमू लागलं होतं.

"कापलेलं पोरीचं जानार," कचरू शेवटी कुणाकडेही न बघता म्हणाला. "भ्या माजं हाय. माजं भ्या तिच्या अंगातनं काडायचं, ह्ये काय बराबर न्हाई." तो उठला. "न्हाई करायचं, सायब. लिहून पायजे आसंल तर देतो."

सर्जनचा चेहरा आवळला. त्यांनी कागद उचलला, आपल्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली आणि खाली तारीख घातली. "ठीक आहे. सिस्टर, सहा नावांची यादी लावा." मरियमबाई आत गेल्या. पुढच्या वर्षी शिबिर होईल की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

मग सर्जन दोन पावलं पुढे गेले आणि बाकासमोर उकिडवे बसले. दिवसभरात त्यांनी दीपाला तपासलं होतं, पण तिच्याशी बोलले होते असं गुरुजींनी पाहिलं नव्हतं.

"हे बघ, बाळ. जांघेत टणक काही हाताला लागलं, मोठं होतंय असं वाटलं, किंवा खूप दुखलं, तर लपवायचं नाही. त्याच दिवशी आईला सांगायचं. बाराव्या-तेराव्या वर्षी अंगात बदल होतील. आवाज थोडा जाड होईल, लव येईल. तेव्हा पुण्याला यायचं. तिथे ग्रंथींचे डॉक्टर असतात. त्यांचं नाव मी लिहून देतो. तेव्हा तुला जे नको असेल ते त्यांना सांगता येईल."

दीपाने नाक फ्रॉकच्या बाहीला पुसलं. "माज्यासारखी आनखी कोनी हाय का?"

"आहेत. मीच बारा-तेरा बघितलीत."

"त्यांला तुमी सांगितलं हुतं का?"

सर्जन तसेच बसून राहिले. गुडघे दुखत असावेत, कारण उठताना त्यांनी बाकाचा आधार घेतला. खिशातून चिठ्ठीचा कागद काढून त्यावर नाव आणि पत्ता लिहिला. तो कचरूच्या हातात देता देता थांबले आणि दीपाच्या हातात दिला. मग आत निघून गेले.

भागिरथीने सामान आवरायला घेतलं. साडेपाचची एसटी होती. गुरुजी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेले. कचरू चार पावलं पुढेच चालत होता. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागली होती, धुरळ्यातून पलीकडचं काही दिसत नव्हतं. थांब्यापाशी आल्यावर तो वळला.

"तुमचं काय जातंय, गुर्जी. तुमी सही केली न्हाई, मोकळे झाले. जूनमदी वढ्याचं काय करायचं ते सांगा आता."

"शाळेचे हेडमास्तर कोण आहेत?"

"हायत एक आबासायेब. कडक हाय म्हातारा."

"मी येतो. दीपाचं नाव निघणार नाही. पाचवीच्या पुढच्या सगळ्या पोरींसाठी दाराचा संडास मागायचा. ग्रामपंचायतीपर्यंत जाऊ. मास्तर मास्तराचं ऐकतो कधीकधी."

"आन न्हाई ऐकलं तर?"

"तर पुन्हा येतो."

"येतो म्हनू नका," कचरू म्हणाला. "समदे येतोच म्हनत्यात. तारीक सांगा."

गुरुजींनी खिशातली छोटी डायरी काढली. शाळा उघडायच्या आधी आठवडाभर तरी हवा. पानं उलटली, मनात मोजलं. "पाच जून. सोमवार. सकाळच्या गाडीने."

कचरूने मान हलवली नाही, हात जोडले नाहीत. त्याने दीपाच्या हातातली चिठ्ठी घेतली, खिशातलं कारखान्याचं बॉलपेन काढलं, आणि डॉक्टरांच्या नावाखाली गुडघ्यावर कागद धरून लिहिलं: पाच जून, सोमवार, प्रभुदास गुरुजी. मग ती चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली.

"हितं सही करा," तो म्हणाला.

गुरुजींनी सही केली. एसटी आली.